करवीरचें आरमार आणि त्याचे खलाशी

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, गारगोटीकडे जाणाऱ्या वाटेवर कळंबा हें गांव लागतें. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारें पाणी येथें अडवून संस्थानच्या काळांत जो तलाव बांधला गेला, त्यानें शहराची तहान कित्येक वर्षें भागविली. कोल्हापूरच्या मुलांना विस्तीर्ण जलाशयाची पहिली ओळख होते ती बहुधा रंकाळ्याची किंवा ह्या कळंब्याची. ह्या तलावाच्या बांधावर उभें राहिलें असतां पलीकडचा कांठ स्वच्छ दिसतो. समुद्राची कल्पना यावी असें तेथें कांहींच नाहीं. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे आहे, व घाट उतरून तळकोंकणांत गेल्यावांचून त्याचें दर्शन होत नाहीं. असें असतांही करवीरच्या गादीचें स्वतःचें आरमार होतें, तें सुमारें शंभर वर्षें मालवणच्या बंदरांत नांदत होतें, आणि मुंबईच्या इंग्रजांस त्याच्याशीं कधीं युद्ध तर कधीं तह करावा लागला, ही गोष्ट खुद्द कोल्हापुरांतील सुशिक्षित घरांतही विस्मृतींत गेल्यासारखी झाली आहे.

आपल्या पूर्वजांचा शोध घ्यावा ही इच्छा मनुष्यमात्रास स्वाभाविक आहे. ज्या घराण्यांस सरदारी, देशमुखी किंवा इनामें होतीं त्यांच्या वंशावळी सनदांवरून लागतात. परंतु ज्यानें गलबतावर वल्हें मारलें, शीड सांवरलें किंवा तोफेस बत्ती दिली त्याचें नांव कोठें शोधावें? इतर देशांत हा प्रश्न कसा सुटला हें पाहिलें म्हणजे आपली अडचण कोठें आहे तें अधिक स्पष्ट होतें.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील न्यू बेडफर्ड व नँटकेट हीं बंदरें एकोणिसाव्या शतकांत देवमाशांच्या शिकारीसाठीं जगभर प्रसिद्ध होतीं. देवमाशाच्या तेलावर दिवे जळत, आणि त्या तेलासाठीं हीं जहाजें तीन-तीन, चार-चार वर्षें पॅसिफिक महासागरांत हिंडत. अमेरिकेंत १८०३ सालीं असा कायदा झाला कीं, परदेशीं निघणाऱ्या जहाजाच्या कप्तानानें आपल्या खलाशांची यादी जकातीच्या अधिकाऱ्याकडे दिली पाहिजे. त्या याद्यांत खलाशाचें नांव, जन्मस्थान, राहण्याचें ठिकाण, वय, उंची, वर्ण इत्यादि तपशील लिहिलेला असे. शिवाय प्रत्येक जहाजावर रोजनिशी ठेवलेली असे. हीं कागदपत्रें तेथील संग्रहांनीं जपलीं. १८४१ सालीं बांधलेलें ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हें एक जहाजही तेथें मिस्टिक बंदरांत जतन केलेलें आहे. त्यामुळें तेथील एखाद्या गृहस्थास आपला पणजा कोणत्या जहाजावर गेला, त्याची उंची किती होती, त्याचा रंग कसा होता, हें एका ओळींत वाचावयास मिळतें, व त्याच बनावटीच्या जहाजाच्या फळीवर प्रत्यक्ष पायही ठेवतां येतो. मराठ्यांच्या लढाऊ आरमारांतील गुराब मात्र आज एकही उभी नाहीं. येथें शोधकास केवळ कागदाचा आधार, आणि तो कागदही विखुरलेला.

तो कागद कोठें शोधावा हें कळण्यासाठीं आधीं हें आरमार करवीरकडे कसें आलें तें पाहिलें पाहिजे. शिवाजीमहाराजांनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं मालवणासमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. सुमारें ४८ एकरांच्या ह्या जलदुर्गाच्या आश्रयानें दक्षिण कोंकणांतील आरमार वाढलें. किल्ला आणि किनारा यांमधील पद्मगड हें लहानसें ठाणें जहाजें बांधण्याच्या व दुरुस्तीच्या कामीं येत असे. १७०० सालीं राजाराममहाराज निवर्तल्यावर ताराबाईंनीं राज्याचा गाडा हांकला. पुढें १७०७ सालीं शाहूमहाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले आणि राज्यांत दुही माजली. १७१३ सालीं कान्होजी आंग्रे बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीनें शाहूंच्या पक्षास मिळाले. त्याबरोबर आरमाराचा मोठा भाग ताराबाईंच्या पक्षाच्या हातून गेला. परंतु मालवण राहिलें. १७१४ सालीं दुसरे संभाजीमहाराज गादीवर आले, आणि १७३१ च्या वारणेच्या तहानें दोन्ही राज्यांच्या सीमा ठरल्या. त्या तहान्वयें साळशीपासून अंकोल्यापर्यंतचें कोंकण करवीरच्या वांट्यास आलें. अशा रीतीनें डोंगरमाथ्यावरील राज्यास समुद्राचें दार मिळालें.

आरमार कसें असावें ह्याविषयीं मराठींत जें सर्वांत विचारपूर्ण लेखन झालें तेंही ह्याच राज्यांतलें आहे. रामचंद्रपंत अमात्य यांचें ‘आज्ञापत्र’ दुसऱ्या संभाजीमहाराजांच्या कारकीर्दींत, १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झालें. पंतांचा गगनबावडा घाटाच्या तोंडाशीं; खालीं कोंकण, वर देश. आज्ञापत्रांत त्यांनीं आरमारास राज्याच्या स्वतंत्र अंगाचें स्थान दिलें आहे. जहाजें फार थोर नकोत व फार लहानही नकोत, आरमारी लोकांस वेतन नेमस्त पोंचावें, आरमाराच्या खर्चासाठीं सावकारांस उपद्रव देऊं नये, पावसाळ्यांत आरमाराची छावणी किल्ल्याच्या आश्रयास करावी व तीही दरवर्षीं एकाच बंदरांत करून तेथील रयतेस त्रास देऊं नये, असे त्यांचे निर्बंध आहेत. जहाजांसाठीं लांकूड तोडावयाचें तें हुजूरच्या परवानगीनें तोडावें. आंबा-फणसाचीं झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, त्यांस हात लावूं नये, आणि एखादें जीर्ण झाड घेणेंच झालें तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें, असेंही त्यांनीं बजावलें आहे. ज्या गोष्टींचा निषेध करावा लागतो त्या कोठें ना कोठें घडत असतात. म्हणून हे निर्बंध आदर्शाचे जसे द्योतक, तसेच व्यवहारांतील दोषांचेही साक्षी आहेत.

आतां ज्या जहाजांवर हे लोक वावरले त्यांचें स्वरूप पाहूं. गुराब आणि गलबत हे लढाऊ जहाजांचे दोन मुख्य प्रकार. अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें ह्या दोहोंचें सविस्तर वर्णन केलें आहे. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित् तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची, तर दोन डोलकाठ्यांची १५० टनांची असे. तिचा मध्यभाग रुंद व पुढील टोंक निमुळतें होत गेलेलें. त्या टोंकाच्या मागें एक आडवी भिंत असे आणि तिच्या झरोक्यांतून नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा समोर रोखलेल्या असत. बाजूंस त्याहून लहान तोफा. गलबत हें गुराबेसारखेंच पण आटोपशीर. तें सहसा ७० टनांपेक्षां मोठें नसे. त्यावर एक मोठें तिकोनी शीड, आणि चाळीस-पन्नास वल्हेकरी. वारा पडला तरी हे वल्हेकरी गलबत ताशीं ४ मैल वेगानें हांकीत.

ह्या बांधणींतच लढाईची पद्धति सामावलेली होती. शत्रूचें जहाज दिसलें म्हणजे आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतें नांगर तोडून बाहेर पडत. वारा मंद असला तर गलबतें वल्ह्यांच्या बळावर गुराबांस ओढून नेत. मग शत्रूच्या पिछाडीस राहून गुराबांच्या तोफा त्याच्या डोलकाठ्यांवर चालत. डोलकाठी मोडून जहाज लुळें पडलें कीं सर्व बाजूंनीं वेढा पडे आणि शेवटीं दोन-तीनशे लोक तलवारी घेऊन एकदम त्यावर चढत. मोठ्या जहाजाशीं खोल समुद्रांत बरोबरी करणें ह्या आरमारास कठीण होतें. खाडी, उथळ पाणी, खडक आणि वारा यांचें ज्ञान हेंच त्याचें खरें बळ. तें ज्ञान ग्रंथांत नव्हतें. तें मालवण, देवगड, वेंगुर्ले ह्या पट्टींतील गाबीत, भंडारी, दालदी इत्यादि दर्यावर्दी लोकांच्या अंगीं होतें. जहाजावरील हुद्दे त्यांच्यांत पुढें आडनांवें होऊन बसले. तांडेल, सारंग, नाखवा हीं नांवें आजही किनाऱ्यावर ऐकूं येतात. मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. पुढें आठ-नऊ महिने घरापासून दूर, असा त्यांचा जीवनक्रम असे.

ह्याच लोकांस इंग्रजांच्या लेखांत मालवणचे चांचे म्हटलें आहे. ह्या शब्दामागील वाद समजून घेणें हें पूर्वजांचा शोध करणाऱ्यास अत्यंत अगत्याचें आहे. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकापासून असा दंडक घातला कीं, त्यांचा ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना घेतल्यावांचून कोणा व्यापाऱ्यानें अरबी समुद्रांत जहाज घालूं नये. परवाना नसेल तर जहाज जप्त. इंग्रजांनींही पुढें आपले परवाने सुरू केले. मराठ्यांनीं आपल्या किनाऱ्यावर ‘दस्तक’ घेण्याचा नियम केला, तेव्हां इंग्रजांनीं तो अमान्य केला. इतकेंच नव्हे, तर इंग्रजी निशाण लावलेल्या जहाजांतून एतद्देशीय व्यापाऱ्यांचा मालही बिनदस्तक जाऊं लागला. कान्होजी आंग्र्यांचें व मुंबईकरांचें भांडण मुख्यतः ह्यावरूनच पेटलें. एकाच प्रकारचें कृत्य एकानें केलें तर तो सार्वभौम सत्तेचा अधिकार, आणि दुसऱ्यानें केलें तर ती चांचेगिरी, असा हा न्याय होता. समुद्रावर ज्याच्या तोफा भारी त्याचा परवाना खरा ठरला.

करवीरच्या आरमाराचा शेवट ह्याच वादांतून झाला. १७५६ सालीं पेशव्यांच्या साह्यानें इंग्रजांनीं विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचें आरमार जाळलें, त्यामुळें किनाऱ्यावरचा एक मोठा प्रतिस्पर्धी नाहींसा झाला. १७६० सालीं दुसरे संभाजीमहाराज वारल्यावर करवीरचा कारभार जिजाबाईसाहेबांच्या हातीं आला. १७६५ सालीं मेजर गॉर्डन व कॅप्टन वॉटसन यांच्या हाताखालीं मुंबईहून आलेल्या फौजेनें सिंधुदुर्ग घेतला. किल्ला कायम ठेवण्याच्या उद्देशानें इंग्रजांनीं त्याचें ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नामकरणही केलें. परंतु तो राखणें लाभाचें नाहीं असें दिसून आल्यावर १७६६ सालीं पैशाची भरपाई आणि व्यापारास उपद्रव न देण्याचें वचन घेऊन त्यांनीं तो करवीरकरांस परत दिला. तथापि तक्रारी थांबल्या नाहींत. १७९२ सालीं दुसरा तह झाला. त्यांत १७८५ पासून इंग्रजी व्यापाऱ्यांचें जें नुकसान झालें तें भरून देण्याचें आणि मालवण व कोल्हापूर येथें कंपनीस वखार घालूं देण्याचें करवीर दरबारानें मान्य केलें. अखेरीस १ ऑक्टोबर १८१२ च्या तहानें सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट यांसह मालवणचें बंदर कंपनीच्या स्वाधीन झालें, आणि सशस्त्र जहाजें समुद्रांत न पाठविण्याचें बंधन दरबारानें पत्करलें. पुढच्याच वर्षीं छत्रपति शिवाजीमहाराज, म्हणजे १७६२ सालीं दत्तक आलेले, दिवंगत झाले. समुद्राचें दार मिटलें.

दरबारांत तह झाला. परंतु ज्या शेंकडों घरांची चूल आरमाराच्या वेतनावर पेटत होती त्यांचें काय झालें हें तहाच्या कलमांत लिहिलेलें नसतें. किनाऱ्यावर मनुष्यास जे मार्ग मोकळे होते ते तेवढेच होते: मासेमारी, मचव्यांवरून तांदूळ, नारळ, मीठ यांची ने-आण, किंवा मुंबईस जाऊन परक्या जहाजावर चाकरी. त्या काळीं मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं इंग्रजी आरमारासाठीं सागवानी जहाजें बांधलीं जात होतीं. त्यांपैकीं १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्यापि जतन केलेलें आहे. इकडील सागवान आणि इकडील कारागिरी यांची साक्ष पाहावयास मिळते ती अशी परक्या निशाणाखालीं.

आतां मूळ प्रश्न: ह्या लोकांचीं नांवें कोठें सांपडतील? पहिलें साधन म्हणजे मोडी कागदपत्रें. राज्य कोणतेंही असो, ज्यास वेतन द्यावयाचें, शिधा पुरवावयाचा किंवा ज्याचा न्याय करावयाचा त्याची नोंद करावीच लागते. म्हणून तहनाम्यांपेक्षां हजेऱ्या, वेतनाचे जाबते, जमाखर्च आणि तंट्यांचे निवाडे यांत सामान्य मनुष्य अधिक भेटतो. कोल्हापूरच्या सरकारी पुराभिलेख कार्यालयांत संस्थानचीं दप्तरें आहेत, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत पेशवे दप्तर आहे. त्यांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० नंतर ४५ भागांत छापले. मा. वि. गुजर यांनीं संपादिलेलीं करवीर छत्रपति घराण्याच्या इतिहासाचीं साधनें, डॉ. आप्पासाहेब पवार यांनीं प्रसिद्ध केलेले ताराबाईकालीन कागद, दा. गो. ढबू यांचा आंग्रे घराण्याचा १९३९ चा इतिहास, आणि डॉ. भा. कृ. आपटे यांचा मराठ्यांच्या आरमारावरील १९७३ चा इंग्रजी ग्रंथ हीं शोधकाच्या हातीं प्रथम असावींत. दुसरें साधन परकीयांचें: लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतील ईस्ट इंडिया कंपनीचे कागद, आणि पणजीचें पोर्तुगीज दप्तर, ज्याचा कसून अभ्यास पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं केला.

ह्या शोधांत ठेंचा लागण्याच्या जागाही पुष्कळ आहेत. मोडी वाचतां आली तरी कालगणना अडवते. कागदावर ‘खमस सितैन मया व अलफ’ असें साल असलें म्हणजे पांच, साठ, शंभर व हजार मिळून शुहूर सन ११६५ झाला. हा सन मृगाबरोबर बदलतो. म्हणून डिसेंबरपर्यंत त्यांत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवावे लागतात, व हें साल इसवी १७६४-६५ होय असें ठरतें. हा एक आंकडा चुकला तर बाप आणि मुलगा यांची अदलाबदल होऊं शकते. आडनांव क्वचितच लिहिलेलें असतें. नांव, बापाचें नांव आणि फार तर गांव. हुद्याचें आडनांव झालें म्हणून सर्व तांडेल एका कुळांतले असें मानणें ही तर हमखास होणारी चूक. परकीय कागदांत नांवांचीं रूपें ओळखूं येत नाहींत. सिंधुदुर्गास ‘मेलंडी’ आणि विजयदुर्गास ‘घेरिया’ म्हटलेलें आढळतें. शिवाय एकाच किनाऱ्यावर कुलाब्यास आंग्रे, विजयदुर्गास पेशव्यांतर्फे धुळप आणि मालवणास करवीरकर अशीं तीन आरमारें होतीं. खलाशी एका धन्याची चाकरी सोडून दुसऱ्याकडे जाणें अशक्य नव्हतें. तेव्हां एकाच दप्तरांत नांव न मिळाल्यानें शोध संपत नाहीं.

आणि नांव मिळालें तरी खरी कसोटी पुढेंच असते. समजा, मालवणच्या एखाद्या घराण्याच्या वंशजास आपल्या पूर्वजाचें नांव करवीरच्या हजेरींत वेतनदार म्हणून सांपडलें, आणि त्याच जहाजाची हकीगत इंग्रजी कागदांत लुटारूंची टोळी म्हणून निघाली. मग त्यानें आपल्या मुलांस काय सांगावें? अभिमानानें इंग्रजी कागद फाडून टाकणें सोपें आहे, आणि लाजेनें हजेरी दडवून ठेवणेंही तितकेंच सोपें. परंतु दोन्ही कागद खरे असूं शकतात. तो मनुष्य आपल्या राजाच्या वेतनावर होता, राजाच्या किनाऱ्यावर राजाचा परवाना बजावीत होता; म्हणून त्यास केवळ चांचा म्हणणें अन्यायाचें आहे. त्याचबरोबर ज्या व्यापाऱ्याचें तारूं त्यानें अडविलें तो व्यापारी कदाचित् कोंकणांतलाच असेल, त्याचें घर त्यामुळें बुडालें असेल, व त्या नुकसानीची भरपाई करण्याचें करवीर दरबारानेंच पुढें कबूल केलें होतें. सावकारांस उपद्रव नको हें रामचंद्रपंतांनीं पाऊणशें वर्षें आधीं सांगून ठेविलें होतें. तें पाळलें गेलें असतें तर करवीरच्या शत्रूंस तक्रारीचें एक मोठें निमित्त मिळालें नसतें. वेतन थकलें म्हणजे शिपाई लुटीकडे वळतो, हाही सर्वकाळचा अनुभव आहे. तेव्हां त्या खलाशाच्या कृत्याचा जबाब देतांना त्याच्या धन्याचा हिशेबही पाहावा लागतो.

असा निवाडा करावयाचा तर दोन्ही पक्षांचे कागद जिवंत पाहिजेत. परकीयांचे कागद त्यांच्या संग्रहांत सुरक्षित आहेत. आपले कागद कांहीं दप्तरखान्यांत आणि कांहीं घराघरांतील पेट्यांत आहेत, व पेटींतल्या कागदाचे शत्रू म्हणजे वाळवी, ओल आणि घरच्या माणसांची उदासीनता. मोडी वाचणारा वडीलधारा मनुष्य घरांतून गेला कीं तो रुमाल पुढच्या पिढीस रद्दीसारखा वाटूं लागतो. ज्या घरीं असा रुमाल असेल, मग तें घर मालवणच्या किनाऱ्यावर असो कीं कळंब्याच्या तलावाकांठीं, त्यांनीं तो उघडून जाणत्या मनुष्यास दाखवावा, आणि जमल्यास त्याची नक्कल दप्तरखान्यांत ठेवावी. अमेरिकेंतील खलाशाचें नांव एका कायद्यानें वांचविलें. करवीरच्या खलाशासाठीं तसा कायदा नव्हता. त्याचें नांव वांचणें न वांचणें आतां त्याच्या वंशजांच्याच हातीं आहे.